पुन्हा खोलता येईल असा सांधा

प्रस्तावना

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर. यांपैकी कुठल्याही गावात भंगाराच्या आवारात डोकावलं की मोडक्या सायकली आणि पत्र्याच्या कपाटांच्या आड एखादं लाकडी टेबल उभं दिसतं. साधारण साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद, समोर दोन खण, पाय कातीव किंवा खाली निमुळते होत गेलेले. वरच्या फळ्यांवर कधी हिरवं रेक्झिन, कधी सनमायका, कधी ऑइलपेंटचे एकावर एक चढवलेले थर. एक पाय हलत असतो, एक खण गायब असतो आणि वरच्या फळीत मधोमध बोट जाईल एवढी चीर पडलेली असते. कचेरीतून, शाळेतून, जिनिंगमधून किंवा मिरचीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवरून ते इथवर आलेलं असतं, आणि जळाऊ लाकडाच्या भावात मिळतं.

हे पुस्तक त्या टेबलाविषयी आहे. ते सांध्यासांध्यातून खोलून, लागेल तेवढंच नवं लाकूड घालून पुन्हा उभं कसं करायचं, तेही हौसेनं, घरच्या पडवीत, हाताच्या हत्यारांनी, एवढाच याचा विषय. पोटासाठी सुतारकाम करणाऱ्यांना यातलं सगळं येतंच. ज्यांनी कधी पटाशी हातात धरलेली नाही पण आजोबांच्या वापरातलं टेबल फेकून द्यायला ज्यांचं मन धजत नाही, त्यांच्यासाठी मी लिहिलं आहे.

रंगाचा थर काढून बोटभर जागा रंध्यानं साफ केली की हातात काय आलं आहे ते कळतं. सोनेरी-तपकिरी रंग, त्यात गडद रेघा, बोटाला किंचित तेलकट, आणि कमावलेल्या कातड्याशी नातं सांगणारा वास आला की समजावं, हा साग. ताजा रंधलेला भाग सुरुवातीला हिरवट, डागाळलेला दिसतो. त्यानं घाबरून जाऊ नये, उजेडात राहिला की काही दिवसांत रंग एकसारखा होतो. पिवळसर, गुळगुळीत लाकूड निघालं तर बहुधा हेदू. जांभळट काळपट आणि हाताला जड लागलं तर शिसव. अंजन तर इतका जड की त्याचा तुकडा पाण्यात बुडतो. टेबलात तो क्वचितच सापडतो, पण आपल्या सातपुड्यातलं ते झाड असल्यानं ओळखता यायला हवं. खणाचा तळ आणि मागची फळी मात्र पुष्कळदा आंब्याची किंवा मिळेल त्या लाकडाची असते, आणि कीड तिथूनच आत शिरते.

सागाला वाळवी सहसा लागत नाही, पण हे खरं आहे ते त्याच्या गाभ्यापुरतंच. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं आणि तेलकट अंश असतो, तो किडीला मानवत नाही. सालीलगतच्या फिकट पट्ट्यात मात्र झाडाचं अन्न साठलेलं असतं आणि तो पट्टा कीड खुशाल खाते. जुन्या टेबलाच्या पायावर छिद्रं दिसली तर ती बहुतेक वेळा एकाच कडेला, त्या पांढऱ्या पट्ट्यातच असतात. तेवढा भाग तासून काढला की उरलेला पाय ठणठणीत निघतो. 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर आहे. खाऱ्या पाण्यात दोनशे वर्षं टिकणारं लाकूड आपल्या कचेरीत साठ-सत्तर वर्षांत ‘निकामी’ ठरतं, तेव्हा बिघाड लाकडात नसतो. सांधे सैल झालेले असतात, एवढंच.

आणि हे लाकूड पुन्हा मिळणार नाही. 1880 मध्ये छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात इथल्या जंगलांचं आणि झाडांचं वर्णन आहे. ते वाचून मग नवापूरकडून नंदुरबारला येताना खिडकीबाहेर पाहावं. जंगलात सागाला चांगला घेर यायला साठ-ऐंशी वर्षं लागतात. आज बाजारात मिळणारा साग पुष्कळसा कमी वयाच्या लागवडीचा किंवा बाहेरच्या देशांतून आलेला असतो, त्यात गाभा कमी आणि पांढरा पट्टा जास्त. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार परवानगी लागते आणि वाहतुकीला पास लागतो. तो कायदा असायलाच हवा. हौशी माणसानं उभ्या झाडाकडे पाहूच नये. त्यानं कापायचं लाकूड आधीच कापलेलं आहे आणि भंगारात पडून आहे. टेबलाच्या पोटाखाली रंगानं घातलेला जुना दप्तरी नंबर किंवा पश्चिम खानदेश या जुन्या जिल्ह्याच्या काळातली एखादी खूण सापडली, तर ती खरवडू नका. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या कारभाराच्या अशा खुणा आता फारशा उरलेल्या नाहीत.

लाकूड पुन्हा वापरण्याची सर्वांत मोठी शाळा मात्र कचेरीत नाही, ती सातपुड्याच्या आत आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतलं जुन्या पद्धतीचं भिल्ल किंवा पावरा घर पाहा. मुख्य खांब सागाचे, त्यांची वरची टोकं दुबेळक्याची. त्या दुबेळक्यात आडवं लाकूड बसतं. भिंती बांबूच्या कुडाच्या, वर माती-शेणाचा लेप. सांगाडा खिळ्यांवर नाही, बेळक्यावर आणि बांधण्यावर उभा असतो. त्यामुळे घर उतरवता येतं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं आली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. त्यांतल्या मणिबेली गावापासून पुढं जी कुटुंबं तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या पुनर्वसन वसाहतींत आली, त्यांतल्या अनेकांनी आपली घरं उतरवून खांब आणि तुळया सोबत आणल्या. जमीन गेली, नदी गेली, देवाच्या जागा गेल्या. लाकूड मात्र गाडीत घालून आणता आलं, कारण ज्यांनी ते उभारलं होतं त्यांनी ते उतरवता येईल असंच उभारलं होतं. त्या विस्थापनाचं दुःख सुतारकामाच्या पुस्तकात मांडता येणार नाही आणि मांडायचा आव मी आणत नाही. पण त्या घरांचा सांगाडा ज्यानं पाहिला आहे, त्याला टेबलाच्या पायात चार इंची खिळा ठोकताना हात आखडता घ्यावासा वाटेल, अशी माझी खात्री आहे.

या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते हेच आहे. दुरुस्ती अशी करावी की पुढच्या माणसाला ती खोलता यावी.

जुन्या सुतारांनी तशीच टेबलं केली होती. पाय आणि आडवी पट्टी जिथं भेटतात तिथं पट्टीच्या टोकाला कुसू काढलेलं असतं, ते पायाच्या खाचेत बसतं आणि आरपार एक लाकडी खुंटी त्याला धरून ठेवते. खाच जरा सैल वाटली तर कुसूच्या टोकाला बारीक पाचर. खणाच्या कोपऱ्यात डवटेल, म्हणजे खण ओढताना समोरची फळी निघून येत नाही. हे सगळं उलट्या क्रमानं सुटतं. आधी खण, मग वरच्या फळ्या, मग खुंट्या, मग लांब पट्ट्या, शेवटी आखूड बाजू. ज्या आप्पांकडे मी पटाशीला धार लावायला शिकले, त्यांचं पहिलं सांगणं होतं, “ताई, खुंटी बारीक तोंडाकडून ठोका, उलटीकडून नाही.” खुंटी एका बाजूनं किंचित निमुळती असते. जाड बाजूनं ठोकली तर ती आणखी घट्ट बसते आणि पाय फाटतो. कोणती बाजू बारीक हे भिंग घेऊन, दोन्हीकडची तोंडं मोजून ठरवावं. सांधा सुटला की आत पाहायला विसरू नका. पट्टीवर आणि पायावर पटाशीनं मारलेल्या एक, दोन, तीन अशा जुळत्या खुणा अनेकदा दिसतात, म्हणजे कुठलं कुसू कुठल्या खाचेचं ते करणाऱ्यानं लिहून ठेवलेलं असतं. टेबल ज्या हातांनी घडलं त्यांचं नाव कुठं नोंदलेलं नाही, ही खूण मात्र आहे. नवी खूण करायची तर खडूनं करा, त्या जुन्या खुणेवर पटाशी चालवू नका.

अडचण येते ती मधल्या काळातल्या दुरुस्त्यांची. सैल झालेल्या सांध्यात कुणी खिळे मारलेले असतात, कुणी लोखंडी पट्टी, कुणी भुसा आणि फेविकॉल कालवून भरलेला असतो. फेविकॉल 1959 मध्ये बाजारात आलं. त्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. तो पाण्यात भिजवायचा, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ करायचा, गरम असतानाच लावायचा. वास उग्र, कटकट मोठी. पांढऱ्या डब्यातल्या गोंदानं ती कटकट संपवली आणि लाखो सुतारांचे कष्ट वाचवले, हे मोठंच काम झालं. पण सरसाचा एक गुण त्यात नाही. सरस गरम पाण्यानं आणि वाफेनं पुन्हा सुटतो आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. वाळलेल्या फेविकॉलवर नवं फेविकॉल नीट धरत नाही, आधीचा सगळा थर खरवडून कोरं लाकूड उघडं करावं लागतं, आणि त्यात कुसू दरवेळी थोडं बारीक होतं. म्हणून पायाच्या मुख्य सांध्यांना मी सरस आणि खुंटी सुचवते. वरच्या फळ्या एकमेकींना जोडताना फेविकॉल वापरायला माझी हरकत नाही, कारण त्या सुट्या करायची वेळ सहसा येत नाही.

आता ती मधली चीर. नंदुरबारच्या हवामानात जुन्या टेबलाचं सर्वांत जास्त नुकसान तिनं केलेलं असतं, आणि तिचं कारण लोक लाकडात शोधतात. मे महिन्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. दोन महिन्यांनी पावसाळ्यात दारं चौकटीत अडकू लागतात. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं, आणि वाढवलयांच्या दिशेनं होणारी घट-वाढ गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या घट-वाढीच्या जवळजवळ दुप्पट असते. अडीच फूट रुंदीच्या सागाच्या पृष्ठभागात उन्हाळा आणि पावसाळा यांत अर्धा ते एक सेंटिमीटर फरक पडू शकतो. साग इतर लाकडांपेक्षा कमी हलतो, तरीही एवढा. आता त्या फळ्या खालच्या चौकटीला दोन्ही कडांना खिळ्यांनी ठोकून टाकलेल्या असतील, तर उन्हाळ्यात आक्रसताना त्यांना सरकायला वाव राहत नाही. मग त्या मधून फाटतात.

म्हणून चीर दिसली की पुट्टी आणायला धावू नये. मे महिन्यात भरलेली पुट्टी ऑगस्टमध्ये फळ्या फुगल्या की दाबली जाते, वर येते, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी चीर पडते. आधी खिळे काढा. फळ्या सुट्या करून कडा रंध्यानं सरळ करा, पुन्हा जोडा, आणि चौकटीवर बसवताना लाकडी गुटके वापरा. चौकटीच्या आतल्या अंगाला खोबण, गुटक्याची जीभ त्या खोबणीत, गुटका स्क्रूनं फळीला. फळी खाली ओढून धरली जाते, पण आडवी सरकायला मोकळी राहते. या एका बदलानं टेबलाचं आयुष्य जितकं वाढतं तितकं पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्याही कृतीनं वाढत नाही. त्यामुळे चौथं प्रकरण मी मुद्दाम लांबवलं आहे.

चीर जर एकाच रुंद फळीत असेल आणि ती फळी कापायची नसेल, तर आडवा फुलपाखराच्या आकाराचा गुटका बसवून तिला तिथंच थांबवता येतं. जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकी कारागिरानं हे गुटके लपवण्याऐवजी उघडपणे दिसू दिले आणि त्याची टेबलं त्यांनीच ओळखली जाऊ लागली. त्याचा आपल्याशीही संबंध आहे. तिशीच्या दशकात तो पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात गोलकोंड या इमारतीच्या कामावर होता, आणि 1964 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यानं फर्निचरचं काम केलं. दरम्यान दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं त्याला कुटुंबासह आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं. तिथं त्याला एक जपानी सुतार भेटला, आणि छावणीतल्या टाकाऊ लाकडावर दोघांनी काम केलं. हाताच्या हत्यारांची खरी शिकवण आपल्याला तिथं मिळाली, असं तो मानत असे.

पायांच्या खालच्या टोकांविषयी थोडक्यात. कचेऱ्यांत आणि शाळांत फरशी पाण्यानं धुतात, ते पाणी पाय खालून शोषतात आणि शेवटचे दोन-तीन इंच कुजतात. सगळा पाय बदलू नका. कुजका भाग तिरका कापा, त्याच रेघांच्या दिशेचा जुन्या सागाचा तुकडा तिरपा जोडा. जोड जितका लांब तितका पक्का.

रंग काढताना मात्र जपा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली, त्यामुळे त्याआधीचा प्रत्येक थर संशयास्पद मानावा. कोरडा काचपेपर मारू नका, गरम हवेच्या झोतानं जाळू नका. ओलसर करून खरवडा, खरवड कागदात बांधून टाका, आणि लहान मुलांना त्या जागी फिरकू देऊ नका. सागाचा भुसाही काहींच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. तोंडावर मास्क हवाच.

रंगाच्या खाली पुष्कळदा मूळ पॉलिश जिवंत असतं. चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून एका कोपऱ्यावर धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, कापसाच्या बोळ्यानं पातळ, पातळ थरांत लावत जायचा. जुन्या थरावर नवा थर एकजीव होतो, म्हणजे हेही पुन्हा खोलता येणाऱ्या कामांपैकीच आहे. पावसाळ्यात हे करू नये. हवेतला ओलावा थरात अडकून पांढुरकं सावट येतं. आपल्याकडे दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ पॉलिशला उत्तम. ज्यांना चकाकी नको असेल त्यांनी जवसाचं तेल आणि मेण वापरावं, पण तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. घर जाळणारी ही चूक अगदी साध्या काळजीनं टळते.

चंदीगडची गोष्ट इथं सांगायलाच हवी. पन्नाशी-साठीच्या दशकांत वास्तुरचनाकार पिअर जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या, टेबलं आखली, ती स्थानिक कारागिरांनी घडवली. पुढं ती मोडकी म्हणून गच्च्यांवर रचली गेली, भंगारात लिलावात गेली, आणि परदेशी व्यापाऱ्यांनी तीच दुरुस्त करून युरोप-अमेरिकेत प्रचंड किमतींना विकली. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला तो ठेवा विकण्यावर बंधन घालावं लागलं. आपल्या नंदुरबारच्या टेबलांना कुठल्या नामवंत वास्तुरचनाकाराचं नाव नाही आणि त्यांचा लिलाव पॅरिसमध्ये होणार नाही. पण लाकूड तेच, आणि घडवणारे हात त्याच तोलामोलाचे. नाव असलं तरच वस्तू जपायची, हा न्याय मला मान्य नाही.

हौस म्हणून सुतारकाम करणं आपल्याकडे अजून थोडं परकं समजलं जातं. बलुतेदारीत ज्याचं काम त्यानंच करायचं, ही घडी इतकी घट्ट होती की दुसऱ्याच्या हातात रंधा दिसला की लोक थबकतात. याउलट स्वीडनमधल्या नेस इथं ओटो सालोमन या शिक्षणतज्ज्ञानं 1870 च्या दशकात शिक्षकांना लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली ती मुलांना सुतार करण्यासाठी नव्हे, तर हात, डोळा आणि बुद्धी एकत्र वाढवण्यासाठी. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा उद्योग हेच शिक्षणाचं माध्यम करण्याचा आग्रह होता, आणि अशा उद्योगांत सुतारकामही होतं. आपल्या शाळांनी तो आग्रह फार लवकर सोडला असं मला मनापासून वाटतं. आश्रमशाळांत येणाऱ्या सातपुड्यातल्या मुलांच्या घरी कुऱ्हाड आणि पटाशी आधीपासून आहे, तिथं तर हा विषय पाठ्यपुस्तकाइतक्या मानानं शिकवला जायला हवा.

हत्यारांची यादी तिसऱ्या प्रकरणात आहे. करवत, रंधा, तीन मापांच्या पटाश्या, गुण्या, गिरमिट, चार शिकंजे, धारेचा दगड. एवढ्यात टेबल होतं. कातीव पाय मात्र हातानं होणार नाहीत, त्यांना कातारी आणि त्याचं लेथ लागतं. आपल्या जिल्ह्यात असे कारागीर आता मोजके आहेत. त्यांच्याकडे गेलात तर घासाघीस करू नका. आपण हौसेनं महिनाभर रमतो, त्यांचा तो दिवसाचा रोज असतो. आणि जाताना जुना पाय, तुटलेला का होईना, सोबत घेऊन जा. फोटोवरून कातकामाची वळणं बरोबर उतरत नाहीत.